सागरगोट्याचं बोचकं

लोहारा, मार्गशीर्ष शु. ६, शके १८६६

सौ. शिवकांतेस अनेक आशीर्वाद. माझ्यावरचा राग अजून उतरला नसेल तर या आशीर्वादांतले निम्मे ठेवून घे आणि निम्मे हे पत्र आणणाऱ्या महेबूबकडं परत पाठव. इथं वाया जाणार नाहीत.

पत्राचं कारण गंभीर आहे. काल सकाळी पूजा आटोपून मी माझ्या नेहमीच्या जागी, माझ्या नेहमीच्या घोंगडीवर, कुणाचंही वाईट न चिंतता बसलो असता तुझ्या एका सुईनं माझ्या डाव्या मांडीत प्रवेश केला. सुई जाड, थंडीत पांघरायच्या कौद्या शिवायची. तिच्यात लाल दोरा होता आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला हातभर चिंधी. त्यामुळं मी उठलो तेव्हा चिंधीही माझ्याबरोबर उठली, आणि त्याच वेळी धुरपताबाई बारशाचा दिवस विचारायला दारात आली. मी पंचांग उघडलं. तिनं पंचांगाकडं पाहिलंच नाही. आज सकाळपासून गल्लीतल्या तीन बायकांनी मला माझ्या शेपटीची खुशाली विचारली आहे.

महांतप्पा, हे तुम्ही बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवत असणार. इथं हसायला हरकत नाही, पण आधी तिला हसू द्या.

ही एक मोठी अडचण आहे, शिवकांता. तुला अक्षरं येत नाहीत. लग्न झाल्यावर पहिल्या श्रावणात शिकवीन म्हणालो होतो, त्याला सत्तावीस श्रावण झाले. त्यामुळं माझा प्रत्येक शब्द तुझ्या भावाच्या तोंडातून तुझ्यापर्यंत जातो. आणि त्याच तोंडाच्या मालकाच्या वास्तुशांतीला मी चाळीस माणसांत त्याच्या पुरोहिताचे उच्चार सुधारले, तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. आठ वर्षं झाली. पुरोहित चुकतच होता, पण तो मुद्दा आता राहू दे.

तू गेलीस त्याला सोळा दिवस झाले. इथं निजामाच्या कचेरीत फसली साल चालतं, महांतप्पांच्या सोलापुरात इंग्रजी, माझ्याकडं शके. तिन्ही लावून पाहिले, सोळाच येतात. तू आठ म्हणाली होतीस. टाके न चुकणारी बाई दिवस मोजताना दुपटीनं चुकेल असं वाटत नाही. निघायच्या सकाळी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि आज समुद्रमंथन दिसतंय असं मी म्हणालो, हे खरं आहे. तू ताट उचलून आत गेलीस, हेही खरं आहे. पण तेवढ्यावरून कुणी माहेर धरून बसत नाही. हुसेनबीला परसातल्या भिंतीवरून विचारलं. "मला काय ठावं, सामी," म्हणाली आणि पदर पुढं ओढून आत गेली. तिचा नवरा महेबूब, जो एरवी शिवणयंत्रावरून मान न उचलता गावभरच्या बातम्या सांगतो, तोही हल्ली माझ्याशी बोलताना मशीनकडंच बघतो.

असो. सुईच्या प्रकरणावरून मी एक ठरवलंय. तू येईपर्यंत तुझ्या शिवणाच्या पसाऱ्याला शिस्त लावायची. उतरंडीच्या सगळ्या मडक्यांत चिंध्या, खुंटीवर बोचकी, पाटाखाली बोचकी, दोऱ्याच्या गुंड्या पोह्यांच्या डब्यात. पोहे कुठं आहेत ते कळव.

गुरुसिद्धप्पा

मार्गशीर्ष व. १

सौ. शिवकांतेस,

झालं. सात दिवस लागले, पण झालं.

आधी सगळं ओसरीत ओतलं. लढाईच्या या टंचाईत तुझ्याकडं एवढं कापड आहे हे कंट्रोलच्या दुकानात कळलं तर जप्ती येईल. महेबूबच्या दुकानातली कात्रणं, हुसेनबीच्या सासूचा हिरवा पायजमा, तुझ्या आईचं लुगडं, माझी सगळी मेलेली धोतरं. मी पुढं बसलो आणि विचार केला, शास्त्र कशासाठी शिकलो.

तर्कशास्त्रात जगातली यच्चयावत वस्तू सात पदार्थांत बसते. जग बसतं, तर तुझ्या चिंध्या का बसू नयेत? तेव्हा सात बोचकी केली. पहिलं द्रव्य, म्हणजे अजून न फाडलेली अख्खी धडुती. दुसरं गुण, म्हणजे रंगीत तुकडे, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत क्रमानं. तिसरं कर्म. त्यात सुया, कात्री, मेणाचा गोळा, जे जे काम करतं ते. चौथं सामान्य. पांढरे, धुवट, माझ्या धोतरांचे वगैरे तुकडे, ज्यांच्यात एकाला दुसऱ्यापासून ओळखण्यासारखं काही नाही. पाचवं विशेष. खणाचे, इरकली काठांचे, जरीचे. सहावं समवाय. न सुटणाऱ्या नात्याला आम्ही समवाय म्हणतो, आणि आमचे गुरुजी त्याचं उदाहरण देत ते दोऱ्याचं आणि कापडाचं. दोरे काढून घेतले की कापड उरत नाही. म्हणून त्यात दोऱ्याच्या गुंड्या. तुझा धंदा आमच्या शास्त्रात इतक्या मानाच्या जागी आहे हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, नाही का?

प्रत्येक बोचक्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी, बोरूनं, चांगल्या बोटभर जाड अक्षरांत. तुला वाचता येत नाही हे विसरलेलो नाही. तू आलीस की हे सातच शब्द आधी शिकवीन. सात शब्दांत बरीच वर्णमाला येऊन जाते.

एक मात्र मला कळलं नाही. तुझ्या जुन्या बोचक्यांच्या नाड्यांना गाठी होत्या. एकीला एक, दुसरीला दोन, अशा पाचापर्यंत. आणि प्रत्येक बोचक्याच्या कोपऱ्यात काहीतरी शिवून टाकलेलं. एकात चिंचोका, एकात कवडी, एकात सागरगोटा, एकात एरंडाची बी, एकात खारकेची आठळी. बायकांच्या तोडग्यांचा माझा अभ्यास नाही. कसरीसाठी म्हणावं तर कसर सागरगोट्याला भीत असल्याचं ऐकिवात नाही. गाठी सगळ्या सोडवल्या. एक तर दातांनी सोडवावी लागली, इतकी घट्ट. बिया उसवून परसात फेकल्या.

आता सातवं बोचकं. सातवा पदार्थ अभाव, म्हणजे नसणं. त्यावर काशीला फार वाद ऐकले. गुरुजी विचारायचे, या जमिनीवर घागर नाही हे तुला कसं कळलं? जे नाही ते दिसतं कसं? मी सात वर्षं त्याचं उत्तर पाठ केलं आणि बक्षीस म्हणून शालजोडी घेऊन आलो. आता ओसरीत तुझा पाट आहे, कात्री आहे, अर्धी कौदी आहे. बोचकं मी रिकामंच बांधून खुंटीला लावलंय. दिसतं, शिवकांता. अगदी स्पष्ट दिसतं.

त्या अर्ध्या कौदीबद्दल एक कबुली. तिच्या तीन कोपऱ्यांवर तू फूल शिवलंयस, चौथा उघडा आहे. चौथ्या फुलाशिवाय कौदी पांघरू नये, असं तू नेहमी म्हणतेस. गेल्या आठवड्यात थंडी फार पडली. मी पांघरली.

आणि सकाळी दहा सुया ओवल्या. गेली दोन वर्षं तू उठल्याबरोबर सुया आणि दोरा माझ्यापुढं ठेवायचीस, आणि मी म्हणायचो की काशीत शिकलेल्या पंडिताला या घरात योग्य काम मिळालं. कुणी पुढं ठेवल्या नव्हत्या, तरी ओवल्या. पाटावर खोचून ठेवल्यात.

गुरुसिद्धप्पा

मार्गशीर्ष व. २

सौ. शिवकांतेस,

कालचं पत्र अजून पाकिटात घातलं नव्हतं, तोच महेबूब आला. या खेपेला सूत मिळेना म्हणून आठ दिवस सोलापुरात अडकला होता. तुझा निरोप मिळाला, महांतप्पांच्या अक्षरात. चार ओळी. तब्येत बरी आहे. आणखी महिनाभर राहीन, तुम्ही येऊ नका. माझ्या बोचक्यांना हात लावू नगा. तीन गाठींचं, सागरगोट्याचं बोचकं तेवढं महेबूबभाईकडं द्या.

महांतप्पांनी बाकी सगळं शुद्ध केलं आणि "नगा" तसंच ठेवलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तेवढ्या एका शब्दात तुझा आवाज आला. मी तो कागद घेऊन ओसरीत दोनदा फिरलो.

बाकीच्या ओळींबद्दल. मी तब्येतीचं विचारलंच नव्हतं, मग बरी आहे हे सांगायचं कारण? दुसरं, हात लागून गेलेला आहे. सोबतच्या पत्रावरून कळेलच. रागावू नकोस, आलीस की बघून खूश होशील. तिसरं, सागरगोट्याचं बोचकं म्हणून आता या घरात काही उरलेलं नाही. त्यात काय होतं ते आठवत नाही, कारण सगळं एकदम ओतलं होतं. महेबूबला विचारलं तर त्यानं तोंडातली टाचणी काढली, परत घातली आणि नाक्यावर उशीर होईल म्हणाला.

तेव्हा मी तुला विशेष हे बोचकं पाठवतो आहे. माझ्या मतानं सगळ्यांत सुंदर तुकडे त्यात आहेत. भावाकडं बसून काहीतरी नाजूक करायचं मनात असेल, असा माझा तर्क. करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाले उघडून बघतील, पण चिठ्ठी वाचून त्यांचंही ज्ञान वाढेल.

तुम्ही येऊ नका, ही अर्धी ओळ मी पुन्हा वाचली. मी येतो म्हणालो नव्हतो. पण येऊ नका म्हटल्यावर माणसाला कळतं की आपण येणार होतो.

गुरुसिद्धप्पा

मार्गशीर्ष व. ३०, येळवस

महांतप्पांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आहे. आधी मनात वाचा, मग वाटलं तर तिला वाचून दाखवा. मी सांगतो तसं करण्याची तुम्हाला सवय नाही, पण या खेपेला करा.

आज येळवस, पिकाच्या पूजेची अमावास्या. सगळं गाव रानात गेलंय. ज्वारीत कडब्याच्या कोपी घातल्यात, भज्जीचा आणि आंबिलीचा वास वाऱ्यावर वेशीपर्यंत येतो, आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. गावातला शंकरप्पा मला बोलवायला बैलगाडी घेऊन दारात आला होता. मी अंगात कणकण आहे म्हणालो. खोटं बोललो. माझ्या हातात तुमचं पत्र होतं.

तुम्ही लिहिलंत: "बहिणीनं बोचकं सोडलं, हात फिरवला. जरीचे काठ बोटांना लागले. चिठ्ठीवर काय लिहिलंय विचारलं. विशेष, असं मी सांगितलं. व्हय, म्हणाली आणि बाजूला ठेवलं."

मी हे चारदा वाचलं. माणूस बोचकं सोडतं आणि बघतं. तुम्ही कापडाच्या धंद्यातले, शब्द मापून वापरणारे. तुम्ही "हात फिरवला" लिहिलंत आणि "पाहिलं" लिहिलं नाहीत. माझं शास्त्र एवढ्याचसाठी आहे, कुठं काय नाही ते ओळखायला. ते मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडलं, आणि पडलं नसतं तर बरं झालं असतं.

मी परसात गेलो. महेबूबला रान नाही, त्यामुळं हुसेनबी घरीच होती, भिंतीपलीकडं वाळवण घालत होती. मी म्हणालो, हुसेनबी, मी आता इथून हलणार नाही. तीन गाठींच्या बोचक्यात काय होतं?

"तुमची धोतरं, सामी. जुनी. मऊ पडल्याली."

ती तिला कशाला हवीत?

तिनं वाळवण सारखं केलं. मग म्हणाली, "डोळे टिपायला. पानी गळतंय म्हनं. दवाखान्यातला कापूस टोचतोय."

मग तिनं सगळं सांगितलं. डावा डोळा गेल्या साली गेला. उजव्याचं कडेकडेनं चाललंय, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. सोलापूरच्या डॉक्टरानं काचबिंदू म्हटलंय. माहेर, आठ दिवस, सगळं बनवलेलं. दोन वर्षांपासून ती आणि हुसेनबी दुपारी दार लोटून बसायच्या आणि शिवकांता डोळे मिटून बोचकी ओळखायची. एक गाठ लाल. दोन गाठी निळं नि हिरवं. तीन गाठी पांढरं, मऊ. चार गाठी खण. पाच गाठी अस्तराचं जाडंभरडं. गाठ सैल झाली तर खात्रीसाठी कोपऱ्यात बी. चिंचोका लाल, कवडी हिरवी, सागरगोटा पांढरा. सगळं पाठ झालं होतं, म्हणाली. उद्या अंधार झाला तरी आक्काचं काम थांबलं नसतं.

ते सगळं मी सोडवलं. एक गाठ दातांनी.

मी विचारलं, मला का सांगितलं नाही?

हुसेनबीनं पदर तोंडाला लावला. "रागवू नगा, सामी. म्या दहांदा म्हनलं, सांग म्हनून. आक्का म्हनली, त्यांना सांगितलं तर ते एखादा श्लोक म्हनतील."

मी हसलो नाही. तीही हसली नाही. रानातून कुणाच्या तरी पोरींच्या गाण्याचा आवाज येत होता.

महांतप्पा, आता तुम्ही मला डॉक्टर काय म्हणाले ते सरळ लिहा. पुरोहिताच्या उच्चारांचा राग या पत्रात धरू नका.

तिनं मला एकदा सांगितलं होतं. हे मला आज परसातून घरात येताना उंबऱ्यावर आठवलं आणि मी तिथंच बसलो. दोन वर्षांमागं दिवेलागणीला ती म्हणाली, "दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय." मला फार आनंद झाला. मी म्हणालो, याला संस्कृतात परिवेष म्हणतात, चंद्राला पडतो तो. आणि माझी बायको इतक्या वर्षांनी कवी झाली म्हणून मी तिचं कौतुक केलं. चांगलं घटकाभर केलं. ती ऐकून घेऊन भाकरी थापायला गेली.

तिनं सांगितलं होतं, महांतप्पा. मी श्लोक म्हटला होता.

गुरुसिद्धप्पा

पौष व. २

शिवकांता,

आशीर्वाद राहू दे. बस, आणि ऐक.

तुझ्या भावाचं पत्र आलं. त्यानं माझ्या विनंतीपेक्षा सरळ लिहिलंय. शस्त्रक्रिया झाली. गेलं ते येणार नाही, राहिलं ते राहिलं तर राहील. पट्टी पुढच्या आठवड्यात निघेल. त्यानं असंही लिहिलंय की आमच्या घरात चार बायका आहेत, हाताला धरायला कुणी ना कुणी असतं, लोहाऱ्याला तिच्यापाशी कोण आहे? मी उलट टपालानं त्याला विचारलं की यावर ती काय म्हणाली. त्यानं लिहिलंय, ती काही म्हणाली नाही.

त्याचा प्रश्न योग्य आहे. मी उत्तर शोधत होतो, आणि मधल्या दिवसांत काय केलं ते तुला सांगतो.

परसात बिया शोधल्या. कवडी मिळाली. सागरगोटा हुसेनबीच्या कोंबड्यांनी भिंतीपलीकडं नेला होता, तो तिनं आणून दिला. एरंडी आणि आठळी मिळाली. चिंचोके मात्र शेकड्यांनी मिळाले, कारण झाड तिथंच आहे. तुझा कुठला आणि झाडाचा कुठला ते काही केल्या ठरेना. शेवटी एक घेतला आणि तोच तुझा, असं धरून चाललो.

सातही पदार्थ मोडले. चिठ्ठ्यांच्या पुठ्ठ्यांवर दोरा गुंडाळला, तेवढाच त्यांचा उपयोग. हुसेनबी भिंतीवरून सांगत होती आणि मी ओसरीत पाच बोचकी बांधत होतो. माझी गाठ तुझ्यासारखी बसत नाही. "सामी, तुमची गाठ म्हंजी म्हशीचं दावं," असं तिचं मत पडलं. चौथ्या दिवशी तिनं एकीला पास केलं.

मग मी उपरणं डोळ्यांना बांधलं आणि तुझ्या पाटावर बसलो. पहिल्या दिवशी लाल म्हणून खण काढला. दुसऱ्या दिवशी तीन बरोबर आले. पाचही बरोबर यायला नऊ दिवस लागले. मध्ये बोटांना पंधरा सुया टोचल्या. पहिल्या पत्रातली तक्रार मी मागं घेतो.

एकदा तसाच तहान लागली म्हणून उठलो. उपरणं सोडलं नाही. पाटापासून रांजण अकरा पावलं आहे, हे तुला माहीत असणार. मी उजवा हात भिंतीला लावून निघालो. आणि कमरेच्या उंचीवर हाताखाली भिंत गुळगुळीत लागली. पाटापासून रांजणापर्यंत, रांजणापासून चुलीपर्यंत, चुलीपासून परसाच्या दारापर्यंत एक पट्टा, वितभर रुंद, माती घासून चकचकीत झालेली. उपरणं काढून पाहिलं तेव्हा तो दिसलाही. मी दोन वर्षं तो बघत होतो. दसऱ्याला तुला म्हणालो होतो की या भिंतीला मळ धरलाय, सारवून घे. तू सारवली नाहीस. मी आळशी म्हणालो.

पट्टा तसाच ठेवलाय.

तीन गाठींचं बोचकं या पत्रासोबत आहे. त्यात सागरगोटा आहे, कोपऱ्यात मी शिवलाय, टाके वाकडे आहेत. धोतरं दोनदा धुऊन वाळवली. ती तू मागितलीस ती फक्त मऊ म्हणून, त्यात दुसरं काही धरू नये, असं हुसेनबी म्हणते. मी धरलेलं नाही. धरलं असेल तर थोडंच.

हे पत्र महेबूब आत आणून देईल. मी त्याच्याबरोबर आलोय. तुमच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसलोय. महांतप्पा, आठ वर्षांमागचं माझं चुकलं. उच्चार पुरोहिताचे चुकत होते, पण घर तुमचं होतं. तुम्ही बोलावल्याशिवाय मी उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि तू नको म्हणालीस, शिवकांता, तर संध्याकाळच्या मोटारीनं परत जाईन. बोचकं तुझ्यापाशी राहू दे.

दारात येऊनही कागदच का पाठवला, असं तू म्हणशील. तोंडानं सांगायला गेलो असतो तर मध्ये काहीतरी गमतीचं सुचलं असतं आणि मी ते बोलून गेलो असतो. माझा माझ्यावर भरवसा नाही.

तर आता सांगतो. महांतप्पा, वाचताना थांबू नका.

तुझ्या डोळ्यांची मला काळजी आहे, ती आहेच. पण अंधाराचं मला फार भय वाटत नाही. पावलं मोजता येतात, गाठी शिकता येतात, मी शिकलो. मला भय दुसऱ्याच गोष्टीचं आहे. एका घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून दोन वर्षं तू एकटीनं अंधाराची तयारी केलीस, आणि मला सांगून काही उपयोग नाही असं तू ठरवलंस. तुझं ते ठरवणं बरोबर होतं. ते अजून तसंच असलं, तर तू घरी येणार नाहीस, याची मला भीती वाटते.